पावसाळ्यात सोल्युशन धरत नाहीये : पट्टे उकलताहेत, जाणकारांनी मदत करा

शिवणटाका
१९ जुलै, रात्री ११:४०

मंडळी, पुण्यात सिंहगड रस्त्याला एका गाळ्यात माझं छोटंसं चामड्याचं काम चालतं. मी आणि दोन मदतनीस. पट्टे, पाकिटं, लॅपटॉपच्या पिशव्या. चार वर्षं झाली, बहुतेक सगळं बघून बघून आणि चुकून शिकलो.

जूनच्या शेवटी एका ऑफिसला चाळीस पट्टे करून दिले. बाहेरून अडीच मिलिमीटरचं झाडसालीत कमावलेलं चामडं, आतून पातळ अस्तर, कडेने शिलाई. त्यातले अकरा परत आलेत. शिलाई जागेवर आहे, पण मधल्या भागात अस्तर सुटून फुगे आलेत आणि बकलाच्या घडीपाशी तर चक्क पाकळी उघडावी तसे थर उघडलेत. एक पट्टा उसवून पाहिला. केळं सोलावं तसं अस्तर निघालं. दोन्ही बाजूंना सोल्युशनचा, म्हणजे चामडं चिकटवायच्या पातळ रबराचा, पिवळट पापुद्रा जसाच्या तसा. म्हणजे सोल्युशन चामड्याला धरलंय, पण एकमेकांना धरलेलंच नाही.

माझी पद्धत सांगतो. पाच लिटरचा डबा, टेबलाखाली कोपऱ्यात. झाकण नुसतं वर ठेवलेलं, कारण दर वेळी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा कंटाळा. ब्रश थेट डब्यात बुडवायचा, दोन्ही बाजूंना लावायचं, मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावायचा, टायमर वाजला की चिकटवून रूळ फिरवायचा. सोल्युशन घट्ट झालं की हार्डवेअरच्या दुकानातला थिनर घालतो. एप्रिलमध्ये हेच सगळं असंच केलं होतं, एकही तक्रार नाही.

ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही. डबा खराब निघाला की माझंच काही चुकतंय?

टवाळ
२० जुलै, सकाळी ७:०५

फेविक्विक लावा की राव. एक थेंब, विषय संपला.

पेस्टिंगमास्तर
२० जुलै, सकाळी ८:३०

टवाळ, तुझ्या पाकिटाला लाव आणि दोन महिन्यांनी दाखव. ते काचेसारखं कडक होतं, घडी पडली की तडकतं आणि कडेला पांढरी धूळ धरते ती वेगळीच. चामडं वाकण्यासाठीच असतं. आणि सुती कापडाच्या अस्तरावर सांडलं तर एवढं तापतं की बोट भाजतं. हे मी स्वतःच्या मांडीवर शिकलो आहे, जास्त विचारू नकोस.

शिवणटाका साहेब, मी धारावीत बावीस वर्षं काढली. आधी पेस्टिंगवर, म्हणजे चिकटवायच्या कामावर, मग टेबलवर, आता स्वतःची चार मशिनं आहेत. तुमचं लिहिणं वाचून पहिल्या उस्तादांची आठवण आली. त्यांनी मला पहिले दोन महिने सोल्युशनला हात लावू दिला नव्हता. फक्त डबा सांभाळायचा. तेव्हा राग यायचा.

मोठा डबा हा गोदामातला माल आहे, टेबलावरचा नाही. त्यात ब्रश बुडवायचा नाही, कधीच नाही. सकाळी त्यातून दिवसाला लागेल तेवढं छोट्या बाटलीत काढायचं आणि डबा बंद करून टाकायचा. ओतताना काठावर जो ओघळ येतो तो तिथल्या तिथे चिंधीने पुसायचा. तो वाळला की झाकण कधीच नीट बसत नाही, मग फटीतून दिवसरात्र थिनर उडत राहतो, मग सोल्युशन घट्ट होतं, मग तुम्ही थिनर घालता. तुमचा रोग तिथून सुरू होतो. आम्ही काठावर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा टाकून वर झाकण ठेवतो आणि लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी ठोकतो.

टेबलावरची बाटली घरीच करा. कॉफीची काचेची बाटली घ्या, झाकण पत्र्याचं. झाकणाला मधोमध भोक पाडा, ब्रशचा दांडा त्यातून घट्ट बसवा, वरून एम-सील. केस सोल्युशनमध्ये बुडलेले राहिले पाहिजेत, पण तळाला टेकता कामा नयेत, नाहीतर वाकडे होतात. ब्रश धुवायची भानगडच नाही, तो सोल्युशनमध्येच राहतो. बाटलीच्या आट्यांना नखाएवढं व्हॅसलीन लावा, झाकण चिकटून बसणार नाही. नखाएवढंच. जास्त झालं तर आत उतरेल आणि मग जिथे ते लागेल तिथे जन्मात काही चिकटणार नाही.

आणि तो टायमर बंद करा. सोल्युशनला घड्याळ कळत नाही. बोट लावून बघायचं. उलटं बोट, म्हणजे नखाकडची बाजू. लागलं, पण बोटाबरोबर तार आली नाही, की वेळ झाली. सरळ बोट लावायचं नाही. बोटाच्या पेराला तेल असतं, घाम असतो, तेवढा ठिपका कायमचा सुटा राहतो.

चिमणीची_आई
२० जुलै, सकाळी १०:१५

वाचतेय. मी घरी पाकिटं करते, हौस म्हणून. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. वन बीएचके, चार वर्षांची मुलगी, आणि सोल्युशनच्या वासाने माझं डोकं दुखतं. पांढरा फेव्हिकॉल चालतो का चामड्याला?

टोल्यूइन_तात्या
२० जुलै, दुपारी १:५०

मी चिकटद्रव्यांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो, अंबरनाथला. आता घरी बसून सुना-नातवंडांचे चपलांचे पट्टे चिकटवतो.

धागाकर्त्याने एक गोष्ट फार चांगली केली. उसवून पाहिलं आणि काय दिसलं ते नेमकं लिहिलं. निम्मं निदान तिथेच होतं. थर ओढून वेगळे केल्यावर चामड्याचे तंतू फाटून आले असते तर सोल्युशन उत्तम, हरलं ते चामडं. पापुद्रा एका बाजूने साफ सुटून आला असता तर त्या पृष्ठभागात दोष, म्हणजे तेल, मेण, पॉलिश किंवा न घासलेली गुळगुळीत बाजू. आणि दोन्हीकडे पापुद्रा शाबूत असेल तर दोन्ही पापुद्रे एकमेकांत मिसळलेच नाहीत. तुमचं हे तिसरं.

आपण ज्याला सोल्युशन म्हणतो ते बहुतेक वेळा निओप्रीन रबर असतं, टोल्यूइन, हेक्झेन, एथिल अ‍ॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेलं. द्रावक उडून गेलं की मागे रबराचा पातळ थर राहतो, आणि असे दोन थर एकमेकांवर दाबले की त्यांचे रेणू एकमेकांत शिरतात. इथे महत्त्व दाबाला आहे, दाबून किती वेळ धरलं त्याला नाही. म्हणून पट्ट्यावर रूळ फिरवून भागत नाही, हातोडी हवी. बिनधारेची, गोल तोंडाची.

आता पाऊस. द्रावक उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग गार पडतो. हातावर स्पिरिट लावल्यावर कसं गार लागतं तसंच. उन्हाळ्यात त्याने काही बिघडत नाही. पण जुलैत हवेत नव्वद टक्के आर्द्रता असेल तर पृष्ठभाग दीड-दोन अंशांनी गार झाला तरी त्यावर दव धरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. डोळ्याला फक्त चमक गेलेली दिसते, कधी दुधी झाक येते. तुम्ही दोन्ही बाजू एकमेकांवर ठेवता तेव्हा मधे पाण्याचा पातळ पडदा असतो. बोटाला सोल्युशन वाळलेलं लागतं, आणि दोन थर मात्र एकमेकांना भेटतच नाहीत.

दुसरा गुन्हेगार तुमचा थिनर. हार्डवेअरवाला ‘थिनर’ म्हणून जे देतो ते बहुधा लाकडाच्या पॉलिशचं एन.सी. थिनर असतं. त्यात अल्कोहोल असतात. निओप्रीन अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. थोडं घातलं तर पातळ झाल्यासारखं वाटतं, जास्त झालं तर रबर दह्यासारखं फाटतं. शिवाय त्यातले काही घटक हळू उडतात, म्हणजे तुमची दहा मिनिटं आणखीच खोटी ठरतात. ज्या कंपनीचं सोल्युशन तिचंच थिनर, नाही मिळालं तर शुद्ध टोल्यूइन. आणि एकदा जेलीसारखं झालेलं सोल्युशन कशानेही परत येत नाही. टाकून द्या.

उपाय म्हणाल तर लावायच्या आधी चामडं उबदार आणि कोरडं हवं. लावल्यावर वाळत असताना हेअर ड्रायर मारा, दव धरणार नाही.

चिमणीच्या आई, चालतो. पांढरा फेव्हिकॉल कोरड्या, कमावलेल्या चामड्याच्या आतल्या खडबडीत बाजूवर छान बसतो. तो ओला असताना हलवता येतो हा फायदा, पण क्लिप लावून तास-दोन तास दाबून ठेवावा लागतो. लेपही पातळ हवा, नाहीतर पाणी चामड्यात शिरून वरून डाग आणि लाटा दिसतात. आणि शिलाई करणारच असाल तर पुष्कळ झालं.

निवृत्त_निरीक्षक
२० जुलै, दुपारी ३:२०

तात्या, बाकी सगळं मान्य, पण ते हेअर ड्रायरचं वाक्य आधी मागे घ्या. लाल झालेली कॉइल आणि टोल्यूइनची वाफ एका जागी? अहो, टोल्यूइन अवघ्या ४ अंश सेल्सियसलाही पेट घेण्याएवढी वाफ सोडतं. हेक्झेन तर शून्याखालीसुद्धा. गाळ्यात तिघं बसलेत त्यांच्या.

नोकरीत मी अशा दोन जागा पाहिल्या, पेटून गेल्यावर. एका ठिकाणी कारण निघालं कडा जाळायची मेणबत्ती. धागा वितळवायला ठेवलेली. दुसऱ्या ठिकाणी कुणी काहीच पेटवलं नव्हतं, फक्त विजेच्या खालच्या पट्टीवरचं बटण दाबलं.

खालच्या, हे लक्षात घ्या. ही वाफ हवेच्या तिपटीने जड असते. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते, टेबलाखाली साठते. म्हणून छताजवळ लावलेला एक्झॉस्ट पंखा वास कमी करतो, पण धोका तिथेच राहतो. पंखा खाली हवा, जमिनीपासून वीतभर, आणि समोरून हवा आत यायला वाट हवी. शिवणटाका, तुमचा पाच लिटरचा उघडा डबा नेमका टेबलाखालीच आहे. त्याच टेबलाखाली मशिनची मोटर आहे का हो?

कायद्याचं म्हणाल तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार २३ अंशांखाली पेट घेणारी द्रव्यं ‘अ’ वर्गात येतात, आणि ज्वालाग्राही मिश्रणंही त्या व्याख्येत बसतात. विकण्यासाठी नसलेला साठा एकूण ३० लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही, पण भांडी घट्ट बुचाची हवीत, आणि काचेचं भांडं एक लिटरहून मोठं चालत नाही. म्हणजे मास्तरांची कॉफीची बाटली बसते, लोणच्याची मोठी बरणी बसत नाही. पत्र्याच्या डब्याला मर्यादा २५ लिटरची.

विझवायला पाणी वापरू नका. वाळूची बादली आणि पावडरचा सिलिंडर, दोन्ही दाराकडच्या बाजूला. आतल्या कोपऱ्यात ठेवलेला सिलिंडर आगीच्या पलीकडे राहतो.

टोल्यूइन_तात्या
२० जुलै, दुपारी ३:४५

मागे घेतलं. बरोबर आहे तुमचं. पूर्ण वाळल्यावर, वाफ निघून गेल्यावर, दुसऱ्या जागी नेऊन ऊब द्यावी असं म्हणायला हवं होतं. तशी ऊब दिली की निओप्रीनचा थर पुन्हा चिकट होतो, हाही फायदा. पण लावत्या टेबलाजवळ नाही.

पेस्टिंगमास्तर
२० जुलै, संध्याकाळी ५:१०

आम्ही पावसाळ्यात कापलेले तुकडे आदल्या रात्री बल्बच्या पेटीत ठेवतो. पत्र्याची पेटी, आत साठचा पिवळा बल्ब, वर जाळी. सकाळी तुकडे कोमट हाताला लागतात. ते पेस्टिंगच्या टेबलापासून लांब, वेगळ्या खोलीत. सोल्युशन लावल्यावर वीस मिनिटं लागली तर लागू देत. जुलैत आमच्याकडे अर्धा तासही लागतो, मे महिन्यात सात मिनिटांत काम होतं. म्हणून म्हटलं टायमर फेकून द्या.

रापी
२० जुलै, रात्री ९:२५

कागलकडचा आहे. आजोबा, वडील दोघंही चपला करायचे, मी शाळेत मास्तर झालो, पण सुट्टीत हात चालतो अजून.

एवढी चर्चा सोल्युशनवर चाललीय, आमच्या आजोबांनी ऐकली असती तर हसले असते. अस्सल कोल्हापुरीत खिळा नाही आणि भरवसा चिकटवणावर नाही. तळाचे थर, कान, पट्टा, अंगठा, सगळं चामड्याच्या वादीनं शिवलेलं. चिकटवायचं ते एवढ्यासाठीच, की शिवताना थर सरकू नये. आजोबांचा शब्द होता, ‘लावलेलं शिवेपर्यंत, शिवलेलं मरेपर्यंत.’ आता बाजारात बघा, २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, चार जिल्हे आपले, चार कर्नाटकातले, आणि त्याच नावाखाली रबरी तळ सोल्युशननं डकवून विकतात. पावसात तळ एकीकडं, गिऱ्हाईक दुसरीकडं.

शिवणटाका, तुमच्या पट्ट्याला शिलाई आहे ती कडेला. मधला सगळा भार सोल्युशनवर टाकलाय. आणि एक विचारतो, राग मानू नका. पट्टा सपाट टेबलावर चिकटवला न्हवं? कमरेला गेल्यावर तो गोल होणार. आतलं अस्तर तेव्हा आखडायला बघतं, त्याला जागा नसते, मग फुगा येतो. पट्टा हातात थोडा बाकदार धरून चिकटवायचा, अस्तर आत. पाकिटाची घडीपण घडी घालूनच चिकटवायची. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, बघत बघत आलं.

आणखी एक. डब्याचा काठ गंजला असंल तर तो डबा कच्च्या रंगाच्या चामड्याजवळ आणू नका. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेल्या चामड्याला लोखंड लागलं आणि ओल मिळाली की काळानिळा डाग पडतो, तो निघत नाही. काळी चप्पल करायला जुनी माणसं हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, लावायची ती ह्याच गुणामुळं. डाग आणि रंग, फरक एवढाच की एक आपण पाडतो.

शिवणटाका
२० जुलै, रात्री ११:१५

रापी सर, सपाट टेबलावरच. आणि डब्याचा काठ गंजलेला आहे. दोन पट्ट्यांवर काळे ठिपके होते, मी शाईचे समजून मदतनिसाला बोललो. उद्या त्याची माफी मागतो.

निरीक्षक साहेब, मोटर टेबलाखालीच आहे. तुमचा प्रतिसाद वाचला आणि रात्री गाळ्यावर जाऊन डबा बाहेर काढून आलो.

टवाळ
२० जुलै, रात्री ११:३०

चामड्याचं काम करून ‘हौस’ वगैरे, आजकाल फॅशनच आहे. एवढा उपद्व्याप कशाला, रेडिमेड घ्या.

रापी
२१ जुलै, सकाळी ६:५०

टवाळ, हौस म्हणून करता येतंय ही चांगलीच गोष्ट आहे. आमच्या घरात ते जातीबरोबर आलं होतं, तेव्हा त्याला हौस म्हणत नव्हते. वर्गात माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, कपड्यांना चामडं कमावायच्या कुंडाचा वास येतो म्हणून. चिमणीच्या आईच्या घरात आज त्याच चामड्याचं पाकीट होतंय, मला बरं वाटतं. तुम्ही धाग्यावर राहा, फक्त विषयावर बोला.

खळ_आणि_पुठ्ठा
२१ जुलै, सकाळी ११:००

अवांतर वाटेल, पण आमच्या बाइंडिंगच्या धंद्यात चामडी पुठ्ठा आजही खळीनेच चढवतो. सोल्युशन नाही. पातळ तासलेलं चामडं खळीने भिजतं, मऊ पडतं, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर ओढून बसवता येतं, चुकलं तर उचलून परत ठेवता येतं. सोल्युशनमध्ये एकदा टेकलं की टेकलं. मैद्याची खळ, गाठी न होता शिजवलेली, गार झाल्यावर फडक्यातून गाळून. त्यात चिमूटभर मोरचूद घालतो, झुरळं आणि कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, खळीचं भांडं स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. चिमणीच्या आई, घरात लहान मूल आहे, तुम्ही मोरचूद न घालता रोजच्या रोज ताजी करा, उरलेली फेका. दोन दिवसांत आंबते.

चिंचोक्याची खळ घोंगडीला देतात, तीही चांगली घट्ट असते, पण चिंचोके भाजा, फोडा, वाटा, रटरट शिजवा, एवढा वेळ आता कुणाला आहे.

बर्फाळ
२१ जुलै, रात्री ८:४०

मिनेसोटाहून. इथे आमचं दुखणं उलटं. माझं दुकान म्हणजे गॅरेज, जानेवारीत शून्याखाली वीस-पंचवीस. वासामुळे मी पाण्यावरचं पांढरं चिकटद्रव्य वापरतो आणि पहिल्या हिवाळ्यात पूर्ण गॅलन गोठून गेला. वितळल्यावर वर पाणी, खाली पनीर. ढवळून काही उपयोग नाही. तेव्हापासून नोव्हेंबर ते एप्रिल तो डबा घरात, कपड्यांच्या कपाटात बायकोच्या साड्यांखाली. तिचं म्हणणं असं की इतक्या वर्षांत त्या साड्यांचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

पाण्यावरच्या चिकटद्रव्यातही निओप्रीनचा प्रकार मिळतो, दोन्ही बाजूंना लावून वाळू द्यायचा, मग दाबायचा. दमट हवेत वाळायला वेळ लागतो, पण दव धरण्याचा तो प्रश्न एवढा नाही.

चिमणीची_आई
२२ जुलै, सकाळी ९:३०

सगळ्यांचे आभार. एक विचारायचं राहिलं. कधीतरी सोल्युशन वापरावं लागलंच तर साधा एन-९५ मास्क पुरेल ना?

निवृत्त_निरीक्षक
२२ जुलै, सकाळी १०:१०

नाही. तो धुळीसाठी असतो, वाफ त्यातून सरळ आत जाते. कोळशाच्या डबीचा, सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क लागतो, आणि त्याची डबीही ठरावीक काळाने बदलायची. वास यायला लागला म्हणजे डबी संपली. पण तुम्ही सोल्युशन घरात आणूच नका असं माझं स्पष्ट मत.

वास आवडेनासा होणं ही फक्त गैरसोय नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी बसून सँडल चिकटवणाऱ्या कारागिरांचे हातपाय बधिर व्हायला लागले, काहींना चालता येईना. कारण निघालं चिकटद्रव्यातलं हेक्झेन. आणि १९७० च्या दशकात इस्तंबूलमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी बूट कारागिरांमधला रक्ताचा कर्करोग बेंझिनशी जोडून दाखवला, तेही चिकटद्रव्यातलंच. दोन्हीकडे माणसं बंद, छोट्या खोल्यांत काम करत होती. आपल्याकडच्या खोल्या काही मोठ्या नाहीत.

आणि शिवणटाका, बाहेर काढलेल्या डब्याला कुलूप लागेल अशा कपाटात ठेवा. रस्त्यावरची मुलं हुंगायला चोरतात. तुम्हाला माहीतच असेल.

पेस्टिंगमास्तर
२२ जुलै, दुपारी १२:३०

माहीत असायला लागत नाही, दिसतंच. माझ्याकडे बाटल्यासुद्धा रात्री मोजून कपाटात जातात.

शिवणटाका
३ ऑगस्ट, रात्री १०:२०

अहवाल देतो. मध्ये शांत होतो कारण तुकडे चिकटवून ओढत बसलो होतो.

जुना डबा आणि नवा डबा, दोन्ही घेतले. पट्ट्याच्याच चामड्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, अर्ध्या तशाच आणि अर्ध्या बल्बच्या पेटीत ठेवून. (पेटी म्हणजे जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा, पेस्टिंगपासून लांब, मागच्या खोलीत.) चोवीस तासांनी एक टोक पकडीत, दुसऱ्या टोकाला बादली टांगली आणि बादलीत मगाने पाणी घालत गेलो.

जुन्या डब्याचं सोल्युशन, थंड चामडं, दहा मिनिटं : बादली रिकामीच होती, तिच्या वजनानेच सुटलं. खरं सांगतो, मला लाज वाटली.

जुन्याच डब्याचं, पण ऊब दिलेलं चामडं आणि बोटाने बघून : चार मग. नव्या डब्याचं, थंड चामडं, दहा मिनिटं : दोन मग, आणि सुटलेल्या जागी तात्या म्हणतात ती दुधी झाक. नव्या डब्याचं, ऊब, बोट, हातोडी : बादली भरली, मग मीच खाली ओढलं, तेव्हा चामड्याचे तंतू उपटून आले. सोल्युशन जागेवर. मदतनीस म्हणाला, ‘दादा, आता चामडंच बदलायला लागेल.’

म्हणजे दोष डब्याचाही होता, पण तो डबा मीच बिघडवला होता. कंपनीला पाठवायचं रागाचं पत्र लिहून ठेवलं होतं, ते खोडलं.

अकराच्या अकरा पट्टे उसवून केले. जुना पापुद्रा काढायला क्रेप रबराचा तुकडा फार कामाला आला, एका बूटवाल्याकडून जुन्या तळाचा कापून घेतला. घासला की सोल्युशनच्या शेवया होऊन निघतात. मग खरखरीत कागदाने दोन्ही बाजू उठवल्या, आतल्या बाजूला दोन हात दिले, कारण ती पहिला हात पिऊन टाकते. बाकदार धरून चिकटवले. आणि रापी सर, बकलाच्या घडीला आता आडवे टाकेही आहेत.

डबे आता कुलपाच्या कपाटात, वर चिकटपट्टीवर उघडल्याची तारीख. टेबलावर एक कॉफीची बाटली. पंखा वरून काढून खाली बसवला, भिंत फोडताना मालकाशी भांडण झालं ते वेगळं. जुन्या सोल्युशनचं काय करायचं एवढंच कळत नाही. गटारात ओतणार नाही.

निवृत्त_निरीक्षक
४ ऑगस्ट, सकाळी ८:००

नकाच ओतू. तुमच्या औद्योगिक वसाहतीत घातक कचरा नेणारे येत असतील तर बंद डबाच त्यांना द्या. गटारात ओतलेल्याची वाफ शेजाऱ्याच्या मोरीतून वर येते.

चिमणीची_आई
४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

माझं पाकीट झालं! पांढऱ्या फेव्हिकॉलने आणि हाताच्या शिलाईने. क्लिपा लावून रात्रभर ठेवलं. फक्त नाण्यांचा कप्पा उलटा चिकटला, तोंड खाली. सगळी नाणी पडतात. मुलीला तो फार आवडलाय.

खळ_आणि_पुठ्ठा
४ ऑगस्ट, दुपारी १२:०५

ओलं फडकं लावून सोडवा, अजून निघेल. खळ असती तर पाच मिनिटांत निघाला असता. :)

पेस्टिंगमास्तर
४ ऑगस्ट, रात्री ९:५०

शिवणटाका साहेब, टायमर बंद केला ना?

शिवणटाका
४ ऑगस्ट, रात्री १०:०५

केला. आता मदतनीस दर दोन मिनिटांनी बोट लावून बघतो. निम्म्या तुकड्यांवर त्याच्या बोटांचे ठसे आहेत.

पेस्टिंगमास्तर
४ ऑगस्ट, रात्री १०:०८

उलटं बोट, साहेब. उलटं.